हजार ग्रॅमची भिंत

“ट्रिगरला काहीही झालेलं नाही, ताई,” मिस्त्री म्हणाले. “नऊ वर्षांपूर्वी करून दिला तसाच आहे. तसूभर हललेला नाही.”

पिस्तुलाची नळी छताकडे, ट्रिगरला खाली लोंबणारं हजार ग्रॅमचं पितळी वजन, आणि मिस्त्रींचा तो ढिम्म हात. नियम असा की आमच्या प्रकारातल्या पिस्तुलाच्या ट्रिगरनं हजार ग्रॅम पेलले पाहिजेत. त्याहून हलका ट्रिगर घेऊन स्पर्धेत उभं राहायचं नाही. ट्रिगरनं पेलले. मग त्यांनी वजनाच्या डोक्यावर नखाएवढी एक चकती ठेवली, पुन्हा उचललं, आणि टक् असा आवाज झाला. “हजाराला धरतो, हजार दहाला सोडतो. तेव्हाही असंच होतं, वहीत लिहून ठेवलंय. बघायचंय?” मला वही बघायची नव्हती. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की आतला तुकडा झिजला, धार गेली, आता नवीन केल्याशिवाय गत्यंतर नाही. सात महिने मी या ट्रिगरच्या नावानं शंख करत होते. क्लबात, घरी, रस्त्यानं चालताना मनातल्या मनात. आणि हा माणूस, ज्याच्या शब्दाबाहेर आमच्या क्लबातलं एकही पिस्तूल नाही, तो सांगत होता की ट्रिगर निर्दोष आहे. मग दोषी कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी आपली यादी पुढे केली.

यादी मी कामाच्या चिठ्ठीमागे लिहून आणली होती. मी दात करते. म्हणजे माणसांचे, खोटे. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, आम्ही मागच्या खोलीत बसून त्या मापावर तोंड उभं करतो, आणि ते कुणाचं हे सहसा कळतही नाही. एकोणतीस वर्षं झाली. क्लबात मला सगळे ‘दातवाली’ म्हणतात. त्यातल्या दोघांच्या तोंडात माझंच काम आहे, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून मी चिडत नाही. पिस्तूल हातात घेतलं त्याला एकोणीस वर्षं झाली. चौघांच्या संघात माझी जागा आहे त्याला अकरा. अकरा वर्षांत ती जागा कुणी हलवू शकलं नव्हतं, आणि आता दहा आठवड्यांनी निवड होती. यादीत चार कलमं होती. ट्रिगर नवा करणे. मुठीचं लाकूड अंगठ्याशी थोडं उंच करणे. नळीखाली जादा वजन. आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा काळा दांडा, तो थोडा बारीक. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन यादी वाचली, उलटी करून मागचा कुणाच्या तरी दाढेचा नंबरही वाचला, आणि विचारलं, “हे चार आजार आहेत, की एकच?”

दात करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. माणूस कवळी घेऊन येतो आणि म्हणतो इथे टोचते, इथे हलते, इथे घास अडकतो, आणि बोलताना शीळ वाजते. चार जागा घासून दिल्या की पाचवी दुखते. खरा दोष एकाच ठिकाणी असतो, बहुतेक वेळा माणसानं दाखवलेल्या चार जागांपैकी एकीतही नसतो. हे मी शिकाऊ मुलींना पन्नासदा सांगितलं असेल. आणि आज मीच चार कलमं लिहून आणली होती.

“एकच,” मी म्हणाले. “भिंत गेलीय.”

भिंत म्हणजे काय ते सांगायला हवं. चांगला ट्रिगर दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा मऊ, बोट आपसूक मागे येतं. मग एकदम काहीतरी आडवं येतं. दिसत नाही, पण बोट थांबतं. ती भिंत. तिथं पोचलं की अजून काही झालेलं नसतं आणि सगळं झालेलं असतं. तिथं उभं राहून श्वास अर्ध्यावर सोडायचा, माशी लक्ष्याखाली स्थिर होऊ द्यायची, आणि मग बोटात नुसता विचार आणायचा. काच तडकावी तशी भिंत तुटते आणि गोळी जाते. एकोणीस वर्षांत मी लाखभर गोळ्या झाडल्या असतील, पण खरं सांगायचं तर गोळीसाठी मी क्लबात गेलेच नाही. मी त्या थांबण्यासाठी जायचे. दिवसभर ज्या घरात, ज्या कामात, ज्या रस्त्यांवर कुठेच थांबता येत नाही, त्या सगळ्यातून पळून येऊन मी त्या भिंतीला बोट टेकून उभी राहायचे. आणि सात महिन्यांपासून ती जागा नव्हती. बोट मागे यायचं, यायचं, आणि गोळी मला न विचारता निघून जायची. दहाच्या वर्तुळाऐवजी कधी आठात, कधी सातात, डावीकडे खाली. मी मागे वळून मैदानावरच्या माणसाला म्हणायचे, ट्रिगर पाघळलाय.

“डोळे मिटा,” मिस्त्री म्हणाले. पिस्तूल रिकामं असल्याचं त्यांनी दोनदा बघितलं, मला दाखवलं. “हळू दाबा. भिंत लागली की सांगा.”

मी दाबलं. टक्.

“लागली?”

“नाही ना! तेच तर सांगतेय.”

त्यांनी पिस्तूल घेतलं. त्यांचं बोट काळं, भेगाळलेलं, नखात तेलाची रेघ. त्यांनीही डोळे मिटले. मी बोटाकडे बघत होते. ते मागे आलं आणि थांबलं. दिसलं मला ते थांबणं. दुकानाबाहेरून एक अवजड गाडी गेली, काचा थरथरल्या, आणि मिस्त्रींचं बोट तसंच. “इथे मी जेवणाच्या वेळेपर्यंत उभा राहीन,” ते डोळे न उघडता म्हणाले. मला त्यांचा हेवा वाटला. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता, अगदी सहज म्हणाले, “दुसऱ्या हातानं बघा बरं.”

डाव्या हातात पिस्तूल परक्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं. मूठ उजव्या हातासाठी कोरलेली, तिचे सगळे उंचवटे चुकीच्या जागी बोचत होते. मी डावं बोट ट्रिगरवर ठेवलं आणि दाबलं. मऊ, मऊ, आणि ती होती.

तिथेच होती. मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. अंगावर सरसरून काटा आला, एवढं आठवतं. एवढीशी गोष्ट, लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांना टेकलेले, दोन्ही मिळून माझ्या करंगळीच्या पेराएवढे नसतील, आणि त्या टेकण्यात किती स्पष्टपणा होता! इकडे नाही, तिकडे नाही, इथेच. मी अजून किंचित दाबलं, भिंत माझं बोट मापून परत देत होती. सात महिने मी जिला मेली समजत होते ती रोज माझ्या बोटासमोर अशीच उभी होती. मी रोज तिच्यातून आरपार जात होते आणि कुणीच नाही म्हणत होते. मला देवळात किंवा डोंगरावर कधी फारसं काही वाटलेलं नाही, लोक सांगतात तसं. त्या तेलकट दुकानात, लोखंडी शिकंज्याच्या आणि कानशींच्या मधे उभं राहून मात्र मला वाटलं की जगात काही गोष्टी आपल्याशिवायही नीट असतात. आणि पाठोपाठ लक्षात आलं, भिंत जागेवर असेल तर दोष माझ्या उजव्या बोटाचा.

मी उजव्या हाताची तर्जनी डोळ्यांसमोर धरली. गुळगुळीत होती, पेराशी थोडी पिवळट. एकोणतीस वर्षं मला तिचा अभिमान होता. कवळीची हिरडी करताना गुलाबी भुकटीत एक उग्र वासाचं पातळ द्रव मिसळतात. आम्ही त्याला नुसतं ‘पाणी’ म्हणतो. पाण्यानं भुकटी कणकेसारखी होते, ती साच्यात भरायची, आणि मग बोट पाण्यात बुडवून कडा गुळगुळीत करायच्या. डाव्या हातात साचा, उजव्या हाताचं बोट पाण्यात. मोजे घातले तरी पाणी मोज्यातून आत शिरतं, म्हणून मोजे कुणी घालत नाही, आणि मोजे घालणाऱ्या नवख्यांना आम्ही हसतो. सुरुवातीला बोट भाजतं. साल निघते, रात्री उशीवर हात टेकवत नाही. मग एक दिवस भाजणं थांबतं. त्याला आमच्याकडे म्हणतात, ‘हात तयार झाला’. ज्या दिवशी हात तयार होईल त्या दिवशी त्या मुलीनं सगळ्यांना चहा पाजायचा, अशी रीत आहे. मी दुसऱ्या वर्षी पाजला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्यांनी माझी तर्जनी आपल्या चिमटीत धरून दाबली होती आणि म्हणाल्या होत्या, आता तू आमच्यातली. मोठ्या बाईंचा हात म्हणजे आम्हाला चमत्कार वाटायचा. उकळत्या पाण्यातून त्या साचा उघड्या बोटांनी उचलायच्या. आम्ही श्वास रोखून बघायचो. पुढे त्या घरी बसल्या तेव्हा आम्ही तिघी त्यांना भेटायला गेलो होतो, तर सून त्यांच्या स्वेटरची बटणं लावत होती. बाहेर आल्यावर एकजण म्हणाली, वय झालं. आम्ही दोघींनी मान डोलावली. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. दुकानातल्या स्टुलावर बसून मला ती बटणं एकेक करून दिसली, पांढरी, चार भोकांची, आणि मला ओरडावंसं वाटलं. आपण बधिर झाल्याचा चहा पाजला होता मी.

“पाणी देऊ का?” मिस्त्रींनी विचारलं, आणि मी हसले की रडले कोण जाणे, कारण ते बिचारे प्यायचं म्हणत होते.

मग एकामागून एक सगळं सुटत गेलं, विणकामाचा धागा ओढावा तसं. पंधरवड्यापूर्वी एक कवळी परत आली होती. म्हाताऱ्या गृहस्थांची जीभ कापली होती, कडेला खरखर आहे असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. मी ती कड बोटानं तीन वेळा तपासली आणि आमच्या मालकीणबाईंना ठणकावून सांगितलं, लोण्यासारखी आहे, म्हाताऱ्यांच्या जिभेलाच हाड नाही. मालकीणबाई हसल्या. कवळी दुसऱ्या मुलीनं घासून दिली, आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. त्या माणसाची माफी कशी मागायची? नावही माहीत नव्हतं, नुसता नंबर.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. ते ऐकतात ते मान खाली घालून, हातात काहीतरी पुसत. मग म्हणाले, “एक उपाय आहे. मला आवडत नाही, पण आहे.” आणि त्यांनी कपाटातून स्वतःचं पिस्तूल काढलं. त्याच्या ट्रिगरला भिंतच नव्हती. दोन तुकड्यांची टेकायची जागा गोलसर घासलेली, बोट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीनं मागे येतं आणि कुठेतरी, न सांगता, गोळी सुटते. कळायचंच नाही कधी ते. “वय झालेल्यांसाठी चांगलं,” ते म्हणाले. “बोटाला काही कळावं लागत नाही. दाबत राहायचं.” दुकानामागे त्यांची गोळ्या तपासायची लांब बोळासारखी खोली आहे. तिथे मी त्या पिस्तुलानं दहा गोळ्या झाडल्या. शंभरापैकी पंचाण्णव. सात महिन्यांत माझे पंचाऐंशीच्या वर गेले नव्हते. मी कागदाकडे बघत राहिले. “तुमचंही असं करता येईल,” मिस्त्री म्हणाले. “एका दिवसाचं काम. संघातली जागा राहील तुमची. पण एक सांगतो. ज्या कारखान्याचं तुमचं पिस्तूल, तो बंद पडून सहा वर्षं झाली. हा तुकडा आता मिळत नाही. एकदा घासला की घासला. ही भिंत परत उभी राहायची नाही, माझ्या हातून तर नाहीच. विचार करा, आठवड्यानं या.”

त्याच आठवड्यात बोट दाखवायला गेले ते डॉक्टर तरुण होते. त्यांनी सुई घेतली, मला तोंड फिरवायला लावलं, आणि टोचत गेले. कळतंय? हो. कळतंय? हो. तिसऱ्यांदा मी अंदाजानंच हो म्हणाले, तर ते म्हणाले, “आत्ता मी टोचलंच नव्हतं.” शाळेत कॉपी करताना सापडल्यासारखा चेहरा झाला असेल माझा. पाण्यापासून लांब राहिलात तर येईल परत, असं ते म्हणाले, दोन वर्षांत, किंवा थोडं येईल, किंवा नाही. हे सांगताना ते स्वतःची बोटं एकमेकांवर घासत होते, नकळत, आणि मला त्या दहाच्या दहा बोटांचं अप्रूप वाटत होतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, आता निवृत्त आहे, आणि कुठल्याही संकटात त्याला आधी नकाशा काढावासा वाटतो. त्यानं मला टेबलाशी बसवलं, डोळ्यांवर माझीच ओढणी बांधली, आणि ड्रॉवरमधून वस्तू काढून एकेक उजव्या बोटाच्या टोकाखाली ठेवायला लागला. हे काय? बटण. ते किल्लीचं डोकं होतं. हे? पेनाचं टोपण. ती सुपारीएवढी खोडरबराची गोळी होती. आम्ही दोघंही हसत होतो, खेळच झाला होता. मग त्यानं काहीतरी ठेवलं आणि विचारलं, हे? मी बोट फिरवलं. गुळगुळीत, लांबट. “पेन,” मी म्हणाले. या वेळी तो हसला नाही, म्हणून मी ओढणी वर केली. त्याचं बोट होतं.

“डाव्यानं सांग,” तो म्हणाला. मी डावं बोट ठेवलं. उष्ण होतं. पेराशी खडूनं पडलेला जुना घट्टा, त्याच्या खाली नाडीची बारीक उडी, आणि टोकाला... “नख वाढलंय तुझं,” मी म्हणाले. एकतीस वर्षांच्या संसारात त्याच्या बोटावर एवढं सगळं आहे हे मला माहीत नव्हतं. एवढ्याशा जागेत! मी ते बोट सोडलंच नाही. त्यानं दुसऱ्या हातानं ड्रॉवर बंद केला आणि म्हणाला, “ट्रिगर घासून घे. जागा जाऊ देऊ नकोस. अकरा वर्षं.” तो बरोबर बोलत होता. तो नेहमी बरोबरच बोलतो, तीच तर पंचाईत आहे.

त्या आठवड्यात मी डाव्या हातानं जग चाचपत फिरले. भिंतीचा रंग, बसमधला दांडा, भाजीवालीनं हातात ठेवलेली सुटी नाणी, प्रत्येकाची कड. कामावर मी पाण्याला हात लावणार नाही असं सांगितलं. मालकीणबाईंनी मला मेणाच्या टेबलावर बसवलं. नव्या मुलींना मी म्हटलं, बोट भाजायचं थांबलं की चहा पाजू नका, मला येऊन सांगा. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. त्यातल्या एकीनं मात्र हळूच विचारलं, थांबलं असेल तर? मी तिला डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. आणि या सगळ्यात डोक्यात एकच चाललं होतं. घासला की पंचाण्णव. नाही घासला तर दोन वर्षं वाट, आणि बोट आलं नाही तर काहीच नाही. सरळ गोष्ट होती, दुधखुळ्या पोरालाही कळेल. तरी मी ठरवू शकत नव्हते, कारण ते पंचाण्णव झाडताना मला काय वाटलं होतं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं. दहा गोळ्या गेल्या आणि मी कुठेच थांबले नव्हते. दुसऱ्या कुणीतरी झाडल्या असत्या तरी चाललं असतं.

आठवड्यानं गेले तेव्हा मिस्त्रींनी पिस्तूल उघडून ठेवलं होतं. तो तुकडा स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर होता, वर मोठं भिंग. “घासायचा तर मीच घासणार,” ते म्हणाले, “पण त्याआधी एकदा बघा. तुम्ही बघितलेला नाही, मीही नऊ वर्षांत बघितला नव्हता.” मी भिंगाखाली बघितलं. टेकायची ती जागा, केसाहून थोडी रुंद, इतकी सपाट होती की तिच्यात दुकानातला दिवा पूर्ण दिसत होता, न मोडता. कडेची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी. मी कडा ओळखते, आयुष्य कडांमध्ये गेलंय. अशी कड मी कधी केली नाही. “हे हातानं केलंत?” मी विचारलं. “हातानंच. चार दिवस लागले होते. शेवटचा दिवस तर नुसता कापडानं.” आणि मग जरा थांबून, लाजल्यासारखे, “माझ्याकडून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे ते. तेव्हा कळलं नाही.” आम्ही दोघं त्या एवढ्याशा लोखंडाकडे बघत राहिलो, वाकून, डोक्याला डोकं लावून. कुणी आत आलं असतं तर त्याला वाटलं असतं काहीतरी हरवलंय.

त्यांनी कानस हातात घेतली. बारीक, चपटी, मुठीला सुतळी गुंडाळलेली. तुकडा चिमट्यात धरला. पण ते लागलीच सुरुवात करत नव्हते.

“मिस्त्री,” मी म्हणाले, “मूठ करा. डाव्या हाताची.”

त्यांनी वर बघितलं. “ताई, नऊ आठवडे राहिलेत. डावा हात म्हणजे पहिलीपासून सुरुवात. मनगट नाही, खांदा नाही, डोळा उजवा. जागा जाईल.”

“जाईल.”

“तुमचे डॉक्टर म्हणाले तशी दोन वर्षं थांबा म्हणतो मी. बोट येईल कदाचित.”

“येऊ दे की. आलं तर त्यालाही घेऊन येईन. पण ही मला आत्ता लागतेय, डाव्याला. आणि मी तिच्यावर कानस चालवू देणार नाही.” माझा आवाज जरा चढलाच. “यादीतलं बाकी सगळं खोडा.”

मिस्त्रींनी कानस खाली ठेवली. किती हळू ठेवली ते मी पाहिलं. मग एकदम त्यांच्यात चपळाई आली. वरच्या फळीवरून त्यांनी अक्रोडाचा एक ठोकळा काढला, बावीस वर्षं वाळलेला, कुणाला द्यायचा ते ठरत नव्हतं म्हणाले. हाताचं माप घ्यायला त्यांनी लाकडाच्या भेगा भरायची मळकी पुट्टी पुढे केली, तर मी म्हटलं, राहू द्या, हा माझा धंदा आहे. माप घ्यायचं आमचं साहित्य मी पिशवीतून आणलं होतं. म्हणजे येतानाच माझं ठरलं होतं की काय? ते मऊ गुलाबी मिश्रण मी पिस्तुलाच्या उघड्या सांगाड्याभोवती थापलं, डावा हात त्यावर मिटला, बोट ट्रिगरवर ठेवलं आणि चार मिनिटं हलले नाही. हात काढला तेव्हा मिश्रणात प्रत्येक बोट उतरलं होतं, तळव्यावरच्या रेषांसकट. एकोणतीस वर्षं हा हात नुसता साचा धरून बसला होता, कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. मिस्त्रींनी ते माप उजेडात फिरवून बघितलं आणि म्हणाले, “चांगला हात आहे हो.” मला गहिवरून आलं.

निवडीच्या दिवशी मी डाव्या हातानं उभी राहिले तेव्हा क्लबात कुजबुज झाली. संघातली एकजण जवळ येऊन म्हणाली, अगं, काय चाललंय हे, माघार घे, आजारी आहे म्हण. मी म्हटलं, आजारी नाहीये. नवी मूठ हातात अजून नवी होती, पण बोचत नव्हती. पाच गोळ्यांना पाच मिनिटं, अशा फेऱ्या. माझी माशी हलत होती, वाऱ्यावर टांगलेल्या कपड्यासारखी. खांदा भरून यायचा. गोळ्या सहात, चारात, एक तर कागदाबाहेर. अकरा वर्षांची जागा माझ्या डोळ्यांसमोर, आठव्या-नवव्या गोळीच्या आसपास कधीतरी गेली, आणि गेल्याचं दुःख झालं. झालं नाही असं नाही. पण प्रत्येक गोळीआधी बोट मागे यायचं, आणि ती असायची. न चुकता, न हलता, माझ्या थरथरत्या हातापुढे तशीच. मी कितीही वाईट झाडलं तरी तिच्यात काही कमी होत नव्हतं.

शेवटच्या फेरीची शेवटची गोळी. मिनिटभर होतं. हात वर गेला, अर्ध्यावर श्वास सुटला, बोट भिंतीला टेकलं. आणि का कोण जाणे, त्या वेळी माशीही स्थिर झाली. काळ्या वर्तुळाखाली, नाकासमोर, हलेना. आता नुसता विचार आणायचा होता. मी आणला नाही. मी उभी राहिले. शेजारच्या रांगेतल्या गोळ्या वाजत होत्या, कुणीतरी खोकलं, पायाखालची फरशी गार होती, आणि माझ्या बोटाच्या टोकाशी जग संपत होतं आणि तिथून पुढे दुसरं काहीतरी सुरू होत होतं, जे मी केलेलं नव्हतं, जे मला फक्त लागत होतं. मला इतकं धन्य कधी वाटलं नव्हतं. घंटा झाली. मी हात खाली घेतला, पिस्तूल रिकामं केलं, ठेवलं.

“शेवटची झाडली नाहीत?” गुण नोंदणारा माझ्याजवळ आला. ओळखीचा आहे, वर्षानुवर्षं त्यानंच माझे चांगले आकडे लिहिलेत. तो आवाज उतरवून म्हणाला, “पिस्तूल अडकलं असेल तर सांगा. पुन्हा झाडायला मिळते.”

“नाही, चालू आहे ते. मीच नाही झाडली.”

“का हो?”

“बरं वाटत होतं तिथं,” मी म्हणाले.

त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि शून्य लिहिलं.